सोवळीबाईचा चाकू

बंदरावरच्या रोपतपासणी केंद्रात तिला सगळे सोवळीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नुसतं "बाई" म्हटलं तर ती मागे वळून बघायची, की ही हाक नक्की कुणाला!

काम तिचं असं. परदेशातून जहाजानं, विमानानं जी झाडंरोपं येतात, ती कस्टमवाले अडवतात आणि या केंद्राच्या काचघरात पाठवतात. तिथं त्यांना महिनोन्‌महिने कोंडून ठेवायचं, पाणी घालायचं, छाटायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं, की अंगात रोग-कीड घेऊन तर आली नाहीत ना. साफ निघाली तर मालकाच्या ताब्यात. नाही निघाली तर मागच्या अंगणातल्या भट्टीत.

काचघरात राज्य तिचं. दार दुहेरी; पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बूट औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचे. बाहेरचा कोट बाहेर, आतला आत. आणि सगळ्यांत कडक नियम चाकूचा. एका झाडाला लावलेला चाकू दुसऱ्याला लावण्याआधी ब्लीचच्या डब्यात बुडवायचा, मग पाण्यातून काढायचा, मग पुसायचा. कारण काही रोग असे असतात, की ते स्वतः कुठं जात नाहीत; आपणच त्यांना चाकूवर बसवून या झाडातून त्या झाडात नेऊन सोडतो. एकदा खुद्द मोठे साहेब बोलता बोलता तसाच चाकू घेऊन पुढच्या कुंडीकडे वळले. हिनं सगळ्यांदेखत तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "साहेब, घरी भाजी चिरताय का?" साहेब बिचारे ओशाळून हसले. भट्टीवरचा माणूस तर म्हणायचा, की सोवळीबाई जेवताना चमचासुद्धा भातातून आमटीत जाण्याआधी बुडवत असणार.

लग्न तिनं केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची, आणि सोबतीला म्हातारे वडील. पूर्वी त्यांचं बैठं घर होतं, दारात लिंबोणी होती. ती आईनं लावलेली. आई गेली, मग रस्ता रुंद झाला, त्यात घर गेलं आणि लिंबोणीही गेली. त्याआधीच थोरला भाऊ गेला होता, म्हणजे परदेशी. बाबांचं सुतारकामाचं दुकान त्याला नको होतं. "जा, पण परत तोंड दाखवू नकोस," बाबा म्हणाले. आता बाप रागात म्हणतोच हो असं! पण हा पठ्ठ्याही बापाचाच लेक. त्यानं ते खरं धरलं. जाताना मात्र दारच्या लिंबोणीची एक फांदी पायमोज्यात घालून घेऊन गेला, आणि तिकडं परसात ती जगवली.

भावाचा फोन तिला यायचा. तो आला की बाबा उठून गच्चीत जायचे. इतकी वर्षं हेच. मग एक दिवस फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली, "काय सांगतोस! लिंबोणी एवढी लगडलीय?" आणि गच्चीकडे निघालेले बाबा दारातच थांबले.

"आपली?" त्यांनी विचारलं.

"आपलीच, बाबा. आईची."

त्यानंतर फोन आला की ते बाहेर जाईनात; खुर्चीत बसून पेपर वाचल्यासारखं करायचे. आणि महिन्याभरानं, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "एखादी फांदी मिळेल का, विचार त्याला. लागली तर बोलेन मी त्याच्याशी."

ते ऐकून भाऊ फोनवर ढसाढसा रडला. मोठा बाप्या माणूस, केस पिकलेला. मग नाक ओढत म्हणाला, "चिमणे, मी सुट्टीत येतो. दाढीच्या डब्यात घालून आणतो. नेली तशीच आणतो, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"खबरदार!" सोवळीबाई कडाडली. मग तिनं त्याला असं फैलावर घेतलं, की विचारू नका. झाडाच्या अंगात काय असतं ते वरून दिसत नाही. एकाच्या लोभापायी गावच्या बागा उजाड होतात. आणि रोगी झाड सापडलं, तर ते कितीही लाडकं असो, मुळासकट खणायचं, जागच्या जागी जाळायचं, तिथं दयामाया करायची नाही. "बरं बाई," शेवटी भाऊ म्हणाला, "तू सांगशील तसं."

म्हणून फांद्या रीतसर आल्या. परवाना काढून, शिक्के मारून, ओल्या कापडात गुंडाळून तिच्याच काचघरात आल्या. तिनं त्यांचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या गाठी, सालीसकट काढून कोवळ्या रोपांवर कलम केले. पहिली तपासणी झाली ती महाळुंगावर. महाळुंग हे मोठं हळवं झाड; रोगी लिंबाची साल त्याच्या अंगात बसवली, की काही आठवड्यांत त्याची पानं खाली मुडपायला लागतात. त्यासाठीच ते पाळलेलं असतं. भावाच्या लिंबोणीची साल बसवलेलं महाळुंग ताठ उभं राहिलं. साफ! आता एकच तपासणी बाकी, पुढच्या हंगामातली. घरी बाबांनी अर्धं कापलेलं पिंप आणवलं, स्वतः रंगवलं, आणि रोज गच्चीत बसून माती चाळायला लागले. "मातीत खडा नको," म्हणायचे. दुकान बंद झाल्यापासून त्यांचे हात पहिल्यांदाच असे कामाला लागले होते.

आणि मग ते घडलं. ते इतकं साधं होतं, की सांगायलाही लाज वाटावी.

सोवळीबाई एका व्यापाऱ्याची संत्र्याची रोपं छाटत होती. तीही तपासणीतलीच, नुकतीच आलेली. छाटता छाटता तिनं मान वर केली, तर समोरच्या बाकावर भावाच्या लिंबोणीला कळी आलेली! जांभळट, इवलीशी. आणि कळीच्या खाली, कलमाच्या सांध्याखालून एक रानफुटवा निघालेला. मेला सगळा जोर ओढून घेणार! ती तशीच गेली आणि फुटवा छाटला. मग एक पान चुरडून नाकाशी धरलं. आईच्या ओंजळीचा वास होता तो. घामट, आंबट, आपल्या दाराचा. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे.

मग सवयीनं तिचा हात ब्लीचच्या डब्याकडे गेला. चाकू बुडवला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. आता बुडवला. मघाशी नाही.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर तिनं त्याचं बखोट धरून साहेबांपुढं उभं केलं असतं. नियम सरळ होता: चूक लगेच सांगायची, दोन्ही रोपांची कोठडी पहिल्यापासून सुरू. म्हणजे आणखी एक वर्ष. बाबांचं वय तिला ठाऊक होतं. संत्री काही रोगी असतीलच असं नाही, तिनं स्वतःला समजावलं. चाकू पुसला आणि गप्प बसली. सोवळीबाई गप्प बसली! मला अजून तिचा राग येतो, आणि दयाही येते. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मात्र विचारू नका.

संत्री रोगी निघाली. ज्या दिवशी ती रोपं भट्टीत गेली, त्या दिवशी सोवळीबाईला जेवणाचा डबा उघडवला नाही. पुढं लिंबोणीची दुसरी तपासणी लागली, तीही नव्या महाळुंगावर. ती रोज सकाळी महाळुंगापुढं जाऊन उभी राहायची. एके सकाळी त्याची वरची पानं मुडपलेली दिसली.

साहेब आपले समजूत घालायला आले. "पहिल्या वेळी रोग झोपलेला असणार, होतं असं कधी कधी. भावाचं झाडच रोगट, त्याला तुम्ही काय करणार? पण बाई, तुम्ही रीतसर आणलंत म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी खिशातून आणलं असतं तर सगळीकडं पसरलं असतं. तुमचं उदाहरण मी नव्या मुलांना देणार आहे."

थोबाडीत मारली असती तर परवडली असती. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही जा घरी, मी टाकतो." पण रोपं तिनं स्वतःच्या हातानं टाकली. कळीच्या जागी एव्हाना हिरवं लिंबू धरलं होतं.

घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं, "रोग निघाला, बाबा. जाळावी लागली."

बाबा चाळणी हातात धरून बसले होते. "रोगट पाठवली त्यानं?" त्यांनी विचारलं. तिला वाटलं, आता सांगावं. सांगितलंच पाहिजे. पण चपला काढायच्या निमित्तानं ती खाली वाकली. आणि बाबांनी काय करावं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोन स्वतःच्या हातात घेतला, भावाला लावला, आणि तिकडून "बाबा?" असं ऐकू येताच म्हणाले, "जन्मात एक गोष्ट मागितली तुझ्याकडे. तीसुद्धा किडकी पाठवलीस." फोन ठेवला, गच्चीत गेले, पिंप पालथं घातलं.

आठवडा तिनं कसा काढला, तिचं तिला ठाऊक. काचघरात जायची, चाकू बुडवायची, पुसायची, पुन्हा बुडवायची. तिच्या हातांची सालं निघाली. रात्री डोळा लागेना. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं मन घट्ट केलं. भावाचं झाड तर ठणठणीत आहे! रोग तिच्या चाकूनं लावला, झाडानं आणला नाही. सांगून टाकायचं. साहेबांना, बाबांना, सगळ्यांना. नोकरी जाते तर जाऊ दे. भावाकडून नव्या फांद्या मागवायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. इतक्या दिवसांनी तिला थोडा श्वास आला. बाबा गच्चीत होते. तिनं फोन लावला.

"दादा," ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. त्या लिंबोणीचं…"

"मीच करणार होतो तुला फोन," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "झालं गं सगळं. काल तोडली. मुळं खणता खणता संध्याकाळ झाली. तुझी वहिनी म्हणत होती, लिंबं तरी उतरवून घे. मी म्हटलं नाही, चिमणीनं सांगितलंय, दयामाया करायची नाही. शेजाऱ्यांची दोन झाडं आहेत, त्यांना लागला असता तर? जागेवरच जाळली. आणि ऐक, कुऱ्हाडसुद्धा ब्लीचमध्ये बुडवली मी. आधीही बुडवली आणि नंतरही. बरोबर केलं ना?"

ती भिंतीला धरून खाली बसली.

"चिमणे? बरोबर केलं ना मी?"

"हो," ती म्हणाली. "बरोबर केलंस, दादा."

तेवढ्यात गच्चीच्या जिन्यावर बाबांची काठी वाजली. ते खाली आले. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. पिंप त्यांनी परत सरळ केलं असणार.

"त्याचाच आहे का फोन?" त्यांनी विचारलं. मग खाली बघत, खाकरत म्हणाले, "म्हणावं, मी रागाच्या भरात बोललो. झाडाला रोग लागला, त्यात त्याचा काय दोष? दुसरी एखादी चांगली फांदी बघून पाठव म्हणावं. दे इकडं, मीच बोलतो."

फोनमध्ये भाऊ विचारत होता, "काय गं? बाबा आहेत का? काय म्हणतायत?"

बाबांनी मातीचा हात लेंग्याला पुसला आणि फोनसाठी पुढं केला.