जावयाची पाठ आणि सासूबाईंचा पाय

माझी बढती माझ्या सासूबाईंच्या लाथेने झाली.

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीत कारकून होतो. आमच्या गोऱ्या साहेबाला गोल्फचं वेड. त्याचा जोडीदार विलायतेला गेला आणि साहेबाने माझ्याकडे बोट केलं. "रविवारी मैदानावर ये!" हेडक्लार्कची जागा रिकामी होती, म्हणून मी 'येस सर' म्हणालो. (विहिरीत उडी मार म्हणाला असता, तरी हेच म्हणालो असतो!) त्याने पवित्रा समजावला. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, कंबरेतून झुकायचं पण पाठ ताठ, नजर चेंडूवर. काही झालं तरी मान वर करायची नाही की बोलायचं नाही!

शनिवारी संध्याकाळी अंगणात छत्री उलटी धरून, समोर कांदा ठेवून मी तसा उभा राहिलो. कुंभारीहून आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

"अगं शांते, जावयास्नी उसण भरली की!"

बायको धावली. "अवं, कंबर धरली व्हय?"

मी मान खाली ठेवूनच "हूं" केलं.

"बोलता बी येईना! आई, तू पायाळू हायस. मार की लाथ!"

(जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याची लाथ बसली की उसण पळते, असं आमच्याकडे सगळे मानतात.)

"जावयाला पाय लावू? पाप लागंल की गं!"

"मग काय असंच वाकडं ठिवायचं?"

सासूबाईंनी पुढे येऊन आधी मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, चला, मिटलं! इतक्यात पाठीत अशी लाथ बसली की मी कांद्यासकट समोरच्या घंगाळात!

"बघ, कसं सरळ झालं!" सासूबाई म्हणाल्या.

नसलेली उसण आता मात्र खरोखर भरली. रविवारी मैदानावर वाकलो तो तसाच अडकलो. साहेब माझ्याभोवती फिरला. "वंडरफुल! हलू नकोस!" हलतोय कोण! त्याने पाहुण्यांना बोलावून माझी पाठ दाखवली. मग म्हणाला, "हं, मार आता!"

काठी तसूभर उचलेना. गेली जागा, या विचाराने डोळ्यांतून पाणी चेंडूवर टपकायला लागलं.

"काय एकाग्रता!" साहेब पाहुण्यांना म्हणाला. "हा माणूस घाई करत नाही. हेडक्लार्क असाच पाहिजे!"

सासूबाईंनी साऱ्या कुंभारीत सांगितलं, "माझ्या लाथेनं जावई वर चढला." मला भयंकर राग आला. पण पुढच्या बढतीची कुणकुण लागली, तेव्हा कुंभारीला निरोप धाडून मी आपण होऊन अंगणात वाकलो!