पगाराचं कोणाला बोलायचं नाही!

जीन्सच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्यांची पोती चिंदीवाला वजनावर घेऊन जातो. किस्स्यांना उल्हासनगरात अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही, म्हणून तुम्हाला फुकटात सांगतो.

मी इथल्या कॅम्प पाच भागातल्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. आमच्याकडे कोणाच्या सासूला शुगर आहे, कोणाचं लग्न कुठे अडलंय, सगळं सगळ्यांना ठाऊक. पगार मात्र टॉप सीक्रेट!

याला कारण आमच्या शेठची पद्धत. दिवाळी झाली की ते एकेकाला केबिनमध्ये बोलावतात, दार लावून घेतात आणि हळूच सांगतात, "सबसे ज्यादा तेरे को दिया है. किसी को बोलना मत हां, बाकीच्यांना वाईट वाटेल."

झालं! जो बाहेर येतो तो बाकीच्यांची कीव करतच. चहा आला की बिलासाठी मारामारी. "राहू दे रे, मी देतो," असं म्हणताना प्रत्येकाच्या मनात एकच, बिचाऱ्यांना कुठे परवडतंय! मीही त्यातलाच होतो. चहावाल्याला वाटायचं, काय दिलदार माणसं आहेत.

*

पगार बँकेत जमा होतो आणि मेसेज सगळ्यांना एकदमच येतो. त्या दिवशी सगळा कारखाना मोबाईल लपवत भिंतीकडे तोंड करून उभा असतो.

एकदा नेमका तेव्हाच बाहेरगावचा एक व्यापारी माल बघायला आला. आमच्या पाठी बघून तो बिचारा दारातच चप्पल काढून उभा राहिला. त्याला वाटलं, प्रार्थना चाललीय.

*

आमचे कटिंग मास्तर कदमकाका. डोळे अधू झाले म्हणून त्यांच्या मुलाने मोबाईलमध्ये मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची सोय करून दिली. पगाराच्या दिवशी काका मोबाईल घेऊन मशिनींच्या मधोमध जाऊन बसायचे. त्या खडखडाटात शेजारच्यालाही काही ऐकू जात नसे.

एका महिन्यात मेसेज आला आणि त्याच क्षणी लाईट गेली! मशिनी बंद, पंखे बंद, आणि त्या शांततेत मोबाईल खणखणीत बोलला. आकडा मी सांगणार नाही, आमच्यात सांगत नाहीत. पण तो आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त होता, एवढं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अरे, ता सोसायटीचा कर्ज इला," काका म्हणाले. कोणी विश्वास ठेवला नाही.

आम्ही एकेक करून केबिनमध्ये गेलो. शेठ प्रत्येकाला म्हणाले, "कदमकाका बुजुर्ग आदमी हैं. ते सोडले तर तुझाच नंबर पहिला!" आम्ही एकेक करून खुशीत बाहेर आलो. चहाचं बिल मात्र तेव्हापासून काकांकडे.

*

खुशीत आली नाही ती एकटी मनीषाताई. ती चेकिंगची सुपरवायझर. तिने पास केल्याशिवाय एक पीस बाहेर जात नाही. तिला बदलापूरला शिरगावात वन रूम किचन घ्यायचं होतं, पण पगार कमी म्हणून बँक कर्ज देईना. शेठकडे वाढ मागून मागून ती थकली होती. दर वेळी उत्तर एकच, "मार्केट ठंडा है, मनीषा."

मला तिच्याकडे बघून वाईट वाटायचं. पण मी तरी काय करणार? माझा पगार तिला कळला असता तर!

*

मग शेठचा मुलगा जतीन एमबीए करून आला. त्याने भिंतीवर पांढरा बोर्ड लावला आणि जाहीर केलं, "सोमवारपासून सगळ्यांचे पगार इथे लिहिणार. टोटल ट्रान्सपरन्सी!"

शनिवारी केबिनबाहेर रांग लागली. एकाला साडू उधार मागेल याची भीती, दुसऱ्याच्या बायकोलाच खरा आकडा माहीत नाही. जतीनला भेटून "लिहा, माझा सगळ्यात आधी लिहा," म्हणणारी एकटी मनीषाताई.

रविवारी शेठने मुलाला फक्त एवढंच विचारलं, "मग तुझा पण लिहायचा ना?"

सोमवारी बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सुप्रभात!'

*

पण जतीनच्या अंगात शिरलेली ट्रान्सपरन्सी काही सगळी उतरली नव्हती. ऑर्डरी वाढल्या, आणखी एक चेकिंग सुपरवायझर हवी होती. पठ्ठ्याने व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकली, पगाराच्या आकड्यासकट! अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर ती फिरली. मनीषाताईच्या ग्रुपवरही आली. तिने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि पुढची जीन्स उचलली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली आणि बाहेरच्या बाकड्यावर बाकीच्या बायकांच्या शेजारी जाऊन बसली. केबिन प्लायवूडची आहे, त्यामुळे पुढचं मी ऐकलेलं सांगतोय.

"मनीषा, कोणाला पाणी हवंय काय?" शेठचा आवाज.

"नाही शेठ. माझा नंबर आला."

खुर्ची सरकल्याचा आवाज. जतीन गोंधळला असणार, कारण त्याने पाठ केलेला प्रश्नच विचारला. "सध्याचा जॉब का सोडताय?"

"सध्याचे शेठ म्हणतात, मार्केट ठंडा आहे," ताई म्हणाली. "तुमच्याकडे बरं चाललेलं दिसतंय!"

मग शेठचा तो नेहमीचा हळू आवाज आला, "ठीक है. जाहिरातीत लिहिलाय तेवढाच तुला देतो. पण किसी को बोलना मत हां."

दार उघडलं. ताईने पदर खोचला आणि उंबऱ्यात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडून आकडा सांगितला.

लाईट गेली नव्हती, तरी सगळ्या मशिनी थांबल्या. आकडा आम्हा सगळ्यांच्या पगारापेक्षा जास्त होता. कदमकाकांनी कात्री खाली ठेवली आणि ते केबिनकडे निघाले. त्यांच्यामागे आम्ही.