बारशासाठी केलेलं पाकीट

भावजयीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हाच माझ्या धाकट्या भावानं सांगून टाकलं होतं, "आक्का, नाव तूच ठेवायचं. आम्ही दोघं काय बोलणार न्हाय मधी." बाळाची आत्या म्हणून तो मान माझाच होता. तो निपाणीला नोकरीला, मी बेळगावात शाळेत शिकवते. पहिलं बाळंतपण म्हणून भावजय माहेरी, बोरगावला गेली होती. मुलगी झाली तेव्हा फोनवर तो एवढंच बोलला, "पोरगी झाली गं! लई केस हाईत डोक्यावर."

बारसं बाराव्या दिवशी ठरलं. कपडे न्यावेत तर मापाची पंचाईत, म्हणून खडेबाजारातल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानातून मी गिफ्ट कार्ड घेतलं. पुढं कधीतरी भावजय येईल आणि तिच्या आवडीनं घेईल, असा विचार. दुकानदारानं एटीएमच्या कार्डाएवढं ते कार्ड एका चकचकीत पाकिटात घालून दिलं. त्यावर इंग्रजीत वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या. बारा दिवसांच्या बाळाला कसल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! मी ठरवलं, पाकीट आपणच करायचं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसले. शाळेत मुलांकडून कागदकाम करून घ्यायची सवय आहे, त्यामुळं हे तासाभराचं काम वाटलं होतं. जाडसर, फिकट पिवळा हातकागद आणला होता. आधी जुन्या कॅलेंडरच्या पानावर घड्या घालून बघितल्या. कार्डाच्या तिप्पट लांब पट्टी कापायची, दोन्ही कडा बोटभर आत दुमडायच्या, खालचा भाग वर घेतला की त्याचा खिसा होतो. वरचा भाग झाकणासारखा खाली यायचा आणि त्याचं टोक खिशावर कापलेल्या चिरेत अडकायचं. डिंक कुठंच नाही. कॅलेंडरचं पान पातळ, ते मुकाट्यानं दुमडलं. हातकागद ऐकेना. पहिल्या पाकिटात कार्ड गेलं ते बाहेरच निघेना, कारण कागदाची जाडी मी हिशेबातच धरली नव्हती. दुसऱ्याची चीर फाटली. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंना जरा जास्त जागा सोडली, प्रत्येक घडी स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं दाबली, आणि ते जमलं.

मग झाकणाच्या आतल्या बाजूला मी शाईनं नाव लिहिलं. बाळाचं. ते नाव तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बारशाला कानात सांगून झालं की पाकीट भावजयीच्या हातात द्यायचं आणि तिनं ते उघडायचं, असं मनात होतं. विसरायला नको म्हणून त्याच दिवशी ते पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी बाळानं दूध ओढायचं सोडलं. अंग तापलं. निपाणीच्या डॉक्टरांनी बेळगावला न्यायला सांगितलं. मी शाळेतून थेट दवाखान्यात गेले. बाळ काचेच्या पेटीत होतं, हाताला नळी लावलेली. भाऊ भिंतीला टेकून उभा. भावजय बाकावर बसलेली, अकरा दिवसांची बाळंतीण, कानाला घट्ट रुमाल बांधलेली. नर्सनं मला दोन मिनिटं आत सोडलं.

पेटीला हात घालायला गोल भोक होतं. मी वाकले असते तर तिथून माझा आवाज तिच्यापर्यंत गेला असता. नाव ओठांवर आलं होतं. पण बारशाआधी कसं घ्यायचं, असं वाटलं. बरी होईल, मग सांगूच की सगळ्यांसमोर, असंही वाटलं. मी काही न बोलता बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बारसं त्याच दिवशी होतं.

भावानं आणि आमच्या आप्पांनी तिला गावाकडं नेऊन मातीत ठेवलं. आम्ही बायका कुणी गेलो नाही.

महिन्याभरानं मी बोरगावला गेले. येणारीजाणारी माणसं भावजयीला समजवायला एकच बोलत होती. शेजारची एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली, "बारसंबी झालं न्हवतं गं. नाव न्हाय काय न्हाय, जीव लावून घिऊ नगंस." भावजय मान खाली घालून ऐकत होती. म्हातारी गेल्यावर तिनं दार ओढून घेतलं.

"आक्का, नाव ठरवलं होतंसा न्हवं तुम्ही?"

"व्हय."

"मग नाव न्हाय असं का म्हणत्यात सगळी?"

पाकीट अजून पर्समध्येच होतं. दुकानात कार्ड परत करावं, कागद पाण्यात सोडावा, असं कितीदा तरी मनात येऊन गेलं होतं, पण हात झाला नव्हता. मी ते काढून तिच्यापुढं धरलं. म्हटलं, "बारशासाठी केलतं. नको असलं तर उघडू नको."

तिनं चिरेतलं टोक हळूच सोडवलं, झाकण वर केलं आणि वाचलं. बराच वेळ ती त्या अक्षरांकडं बघत राहिली. मग कानावरचा रुमाल सैल केला.

"कानात सांगायचं असतंय न्हवं? मला सांगा."

मी तिच्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं. पहिल्यांदा ते नीट उमटलं नाही, म्हणून परत एकदा सांगितलं. मग आम्ही दोघी रडलो. तिची आई चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच मागं फिरली. दवाखान्यात मी गप्प राहिले हेही मी तिला त्याच दिवशी सांगून टाकलं. तिनं झाकणाचं टोक परत चिरेत अडकवलं. मग म्हणाली, "तवा मीबी तिला हाक मारली न्हाय, आक्का. नाव म्हाईत असतं तर मारली असती." तिला मला बोल लावायचा नव्हता. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं आहे.

पावसाळा सरल्यावर ती आपणहून बेळगावला आली. भावानं गाडीतनं आणलं. पाकीट तिनं घरी ठेवलं होतं, कार्ड तेवढं सोबत होतं. आम्ही दोघी दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बाळ किती महिन्याचं?"

"अकरा दिवसांचं," भावजय म्हणाली.

मुलीनं झबली, टोपडी, मोजे मांडले. भावजयीनं एकेक कापड गालाला लावून बघत निवडलं. मी मागं उभी होते.

ती पिशवी घेऊन आम्ही त्याच दवाखान्यात गेलो. तिथं खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका असतात, कितीकांना अंगावरच्या लुगड्यानिशी यावं लागतं. नर्सनं त्यांच्या बाळांसाठी कपडे घेतले, देणगीची वही उघडली आणि कन्नडमध्ये विचारलं, कुणाच्या नावानं लिहू? भावजयीनं नाव सांगितलं. नर्सला नीट ऐकू आलं नाही, तेव्हा तिनं ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. नर्सनं कन्नड अक्षरांत लिहून घेतलं.

भाऊ आत आला नव्हता. गाडीत बसून होता. आम्ही आल्यावर त्यानं फक्त "झालं?" एवढंच विचारलं. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर निपाणीला गेले. संकेश्वरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली, तेव्हा मला वाटलं, आता तो विचारेल. त्यानं काच खाली केली, पुढं किती ट्रॉल्या आहेत ते वाकून बघितलं आणि परत वर केली.

अजूनही त्यानं नाव विचारलेलं नाही. एकदा न राहवून मी भावजयीला म्हटलं, "मी सांगू का त्याला?"

"नगं," ती म्हणाली. "त्यांनी विचारू द्यात. मग मी सांगीन."