दगडाचा नंबर
नव्या चामड्याचा वास आला की मला धुळ्यातलं एक अंगण आठवतं. पोलिओ झालेल्या मुलांच्या बुटांची मापं घ्यायचं शिबिर होतं आणि दुपारपर्यंत होतील तेवढीच मापं घेणार होते. आई मला घेऊन दोंडाईच्याहून पहिल्या गाडीने आली. उन्हात चपलांची रांग होती, कारण नंबराला चप्पल ठेवून माणसं निंबाखाली सावलीला बसली होती. सगळ्यांत पुढे मात्र एक दगड होता. तो सातपुड्याकडच्या एका अनवाणी बाईचा; तिच्या पाठीवरच्या झोळीत माझ्याएवढीच, लुळ्या पायांची मुलगी. शिपायाने तो दगड पायाने उडवला. "दगडाला नंबर नसतो. मागे जा!" बाईने तो उचलून आणला आणि होता तिथेच ठेवला. "मी पह्यली आली," एवढंच म्हणाली. त्याने पुन्हा उडवला, तिने पुन्हा आणला. तेवढ्यात माझी आई उठली, रांगेतली आपली चप्पल पायात घातली आणि तिच्या जागी एक दगड ठेवला. "मना बी दगडच शे आते," ती अहिराणीत म्हणाली, माझाही आता दगडच आहे. "मार लाथ!" शिपायाने आईच्या गळ्यातली सोन्याची पोत पाहिली आणि आत गेला. त्या मुलीचं माप पहिलं झालं. महिन्याने बूट न्यायला गेलो, तेव्हा रांगेत चपला कमी आणि दगड जास्त होते. आता माझे बूट घरपोच येतात. खोका उघडला की तो वास येतो, आणि पाय आत घालण्याआधी मी क्षणभर थांबते. पहिला नंबर तिचा.