समाजमंदिराजवळचं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — कावून, ते माझं मलाच कळत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लिंबागणेशहून बीडला शिकायला गेलतो, याचा तोरा अजूनही आहे. पुढं बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यातल्या एका बियाणे कंपनीच्या बीड शाखेत लागलो, आणि गावोगाव फिरणारी माणसं निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी जात मानत नाही, हे चारचौघांत छातीठोक सांगायचो. मग अर्जावरून आडनाव कळलं नाही, की मी हटकून का विचारायचो — "गावात घर कोणत्या अंगाला?" मला वाटायचं, ओळख काढतोय. शेजारच्या टेबलावरचा खंडू हसायचा, "सर, सोयरीक जमवायलेत का नोकरी देयलेत?"

मीही हसायचो.

गेवराईकडच्या चकलांब्याचा सुदाम मुलाखतीला आला. अर्जावर नुसतं त्याचं आणि वडिलांचं नाव. कपाशीवरच्या अळीचा पतंग पानाच्या कोणत्या बाजूला अंडी घालतो, इथपर्यंत ठाऊक असलेला पोरगा. मी माझा प्रश्न टाकला.

"समाजमंदिराजवळ हाय, सर." सरळ माझ्याकडं बघत म्हणाला.

समाजमंदिर दलित वस्तीत असतं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागतं? "बरं, बरं," म्हणालो. आणि शेरा लिहिला — शेतकऱ्यांत मिसळणार नाही.

काही महिन्यांनी कंपनीनं पुण्याहून एक मॅडम पाठवल्या. प्रशिक्षण. विषय — माणसं निवडताना आपल्या नकळत होणारा भेदभाव. मनात म्हटलं, ह्या मला काय शिकवणार? त्यांनी आमचेच जुने कागद पुढं ठेवले, नावागावावर पट्टी चिकटवून. म्हणाल्या, आधी गुण वाचा, मग शेरा. मी वाचू लागलो. चांगले गुण, आणि खाली तेच वाक्य. पाच कागदांवर. माझ्याच अक्षरात. पाचही जण मला आठवले — नावानं नाही, घरानं.

तोवरचं नकळत म्हणू. पुढचं?

मॅडम म्हणाल्या, ज्याच्या बाबतीत चूक झाली वाटते त्याचा कागद पुढं करा, वडवणीची जागा अजून रिकामी आहे. खोलीत दहा-बारा माणसं. खंडूही होता. अळीच्या नोंदीवरून ओळखलेला सुदामचा कागद मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. त्याच्या नोकरीपेक्षा माझी इज्जत मला मोठी वाटली — एवढंच. दुसरं काही नव्हतं.

आठवड्यानं तो आपणहून आला.

"सर, वडवणीची जागा हाय म्हणं?"

या खेपेला तर मला सगळं कळत होतं. त्याचं घर कुठं, हे कळत होतं. मी कोण, हेही.

"भरली," मी म्हणालो.

"बरं, सर. येतो." गेवराईची गाडी किती वाजता, तेवढं विचारून तो गेला.

जागा त्यानंतर दोन महिने रिकामी होती.