पाय वाढतील ते बघून

जरा जवळ सरक, सुमे, आणि आधी बोलणी खा. फोनवर नुसतं 'बरी आहेस ना' विचारून मावशी कळते होय गं?

आपल्या टॉवेलच्या कारखान्यात ईमेलचा सर्व्हर बसवणारा तो मंगळवेढ्याचा माणूस आठवतो? उंबऱ्याबाहेर चप्पल काढणारा, बशीत चहा ओतून गार करणारा? सर्व्हरची लहान, थोड्या माणसांपुरती एडिशन घ्यावी की मोठी, यावर पहिल्यांदा मी म्हटलं होतं, "अंथरूण पाहून पाय पसरावेत बाबा." तर हसला. "न्हाय काकू! पाय किती वाढत्याल त्ये बघून अंथरूण घ्यायचं. पुढं माणसं किती घेणार?" दरवर्षी मुदत वाढवायला आला, की हेच विचारायचा. आम्हीही फुशारकीनं आकडा फुगवून सांगायचो.

परवा आला. रिकाम्या खुर्च्या बघितल्या, बंद पडलेले माग बघितले, आणि काही न विचारता सगळ्यात लहान एडिशन निवडली.

"अरे, पुढचं विचारलं नाहीस?"

तो बशीकडं बघत राहिला. "फुडल्या साली इचारतो की, काकू." चहा तसाच ठेवून गेला.

दोन माग अजून चालू आहेत. त्यांचा आवाज आहे तोवर, अशी उभ्या उभ्या नको, एकदा चार दिवस राहायला ये गं.