काकूच्या फोनमधला पासवर्ड

माझा जुना फोन फवारणीच्या ड्रममध्ये पडला. पंपात पाणी ओतायला वाकले, कमरेला खोचलेला फोन निसटला आणि औषधात गेला. फडक्यानं पुसला, उन्हात ठेवला, तांदळात पुरला, काही उपयोग झाला नाही. शेवटी धाड गावच्या बाजारातून नवा घेऊन आले. दुकानदारानं सिमकार्ड टाकून दिलं, नंबर सगळे आले. घरी येऊन वायफाय लावायला गेले तर नव्या फोननं पासवर्ड मागितला.

तो मला माहीत नव्हता.

लॉकडाउनमध्ये लेक पुण्याहून घरी आली होती, तेव्हा ऑफिसच्या कामासाठी तिनं हे कनेक्शन घेतलं. पासवर्ड तिनंच ठरवला. माझ्या फोनमध्ये टाकून दिला आणि भिंतीपलीकडे माझ्या धाकट्या जावेच्या फोनमध्येही टाकून दिला. मग ती पुण्याला परत गेली. फोनला पासवर्ड पाठ होता, म्हणून माणसांनी केला नाही. यजमानांकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यामुळे माझा फोन बुडाला तेव्हा आमच्या बाजूचा पासवर्डही बुडाला. उरला तो फक्त जावेकडे.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत घातली. चुली वेगळ्या झाल्या, वावर अर्धं अर्धं झालं. वायफाय नंतर आला. त्याचा डबा आमच्या बाजूला आहे, पण रेंज भिंत मानत नाही. मीही कधी हरकत घेतली नव्हती.

आता घाई अशी होती की रविवारी व्हिडिओ कॉल ठरला होता. लेकीनं ऑफिसातला मुलगा पसंत केला होता. त्याचे आईवडील आम्हाला पहिल्यांदा बघणार होते आणि आम्ही त्यांना. आमच्या घरात मोबाइलची रेंज एक काडी. साधं बोलणं होतं, पण व्हिडिओ लावला की माणसाच्या तोंडाचे चौकोन चौकोन होतात. गच्चीवर रेंज बरी आहे, पण होणाऱ्या विहिणीला मी पहिल्यांदा काय उन्हात डोळे बारीक करून दिसायचं?

लेकीला फोन केला.

"आई, मला कुठं आठवतोय आता? तो लॅपटॉप ऑफिसला परत दिला. फोनपण बदलला मी."

"आठवून बघ."

"घरचंच काहीतरी टाकलं होतं गं. काकूचा फोन घे ना. वायफायच्या नावावर दाबलं की शेअर म्हणून येतं, त्यावर दाब. काळा पांढरा चौकोन येतो, तो तुझ्या फोननं स्कॅन कर. एका मिनिटाचं काम आहे."

"बघते."

"नाहीतर असं करू, काकूच्याच फोनवर लावते मी कॉल. तुम्ही सगळे तिकडं बसा."

"बघते म्हटलं ना," असं म्हणून मी फोन ठेवला.

एका मिनिटाचंच काम होतं, हे मलाही कळत होतं. पण माझ्या लेकीचं सासर मी दुसरीच्या फोनवर, दुसरीच्या घरात, दुसरीच्या खांद्यावरून बघायचं नाही, एवढं मी त्याच क्षणी ठरवलं. आणि त्यासाठी तिच्याचकडे फोन मागायला जायचं, हेही मला नको होतं.

ही जळजळ आजची नाही. आम्ही दोघी एकाच घरात होतो, लेक लहान होती, तेव्हा बीटी कापसाचे दिवस आले. बाजारात एका सरकीचं नाव झालं की सगळं गाव तिच्यामागे धावायचं, आणि ज्याला मिळाली तो कोणत्या दुकानात मिळाली ते सांगत नसे. सुरुवातीला पिकलंही तसंच. पऱ्हाटी डोक्यापर्यंत जायची, वेचणी संपता संपायची नाही. एक बाई वावरात आणि एक घरात असल्याशिवाय भागायचं नाही. सासूबाईंनी वाटून दिलं. मी दणकट, मी वावरात. जावेला उन्हात घेरी यायची, ती घरात. त्यात तिची लबाडी नव्हती. मी स्वतः तिला एकदा बांधावर पडलेली उचलून आणली आहे.

पण झालं असं की सकाळी मी निघायची तेव्हा लेक झोपलेली असायची आणि परत यायची तेव्हा तिची वेणी घातलेली असायची, जेवण झालेलं असायचं, दिवसभरात काय झालं ते सगळं सांगून झालेलं असायचं. काकूला. मला उरलेलं सांगायची. पुढे गुलाबी अळी आली. बोंड फोडावं तर आत अळी बसलेली. उभी पऱ्हाटी आम्ही बोंडांसकट उपटून बांधावर टाकली. त्या दिवशी लेक कॉलेजातून आली होती. बांधावरच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "मी शेतकरी नवरा करणार नाही." हे ती काकूला नाही, मला म्हणाली. म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

तर मी स्वतःच पासवर्ड शोधायला बसले. डबा उलटा करून बघितला, खाली एक पासवर्ड छापलेला होता. तो लागला नाही. लेकीनं बदलला होता. केबलवाल्याला फोन लावला तर मागे बँड वाजत होता.

"ताई, मी लग्नात हाओ, चिखलीले. सोमवारी येतो."

"मागे बारीक छिद्र आहे, त्यात सुई घालून रिसेट करू का?"

"अजिबात नोका करू! सगळं उडून जाईन, मंग चालूच होनार नाही. सोमवारी, ताई, पक्का."

सोमवार माझ्या काय कामाचा? मग अंदाज सुरू केले. लेकीचं नाव, तिची जन्मतारीख, गावाचं नाव. यजमानांचं नाव. माझं नाव मी बराच वेळ टाकलं नाही. मग टाकलं. नाही लागलं. घरचंच काहीतरी, असं ती म्हणाली होती, म्हणून मी वावरात शिरले. निंबाचं वावर, विहिरीचं वावर, पांदीचं वावर. ज्या सरकीनं तीन खोल्या बांधून दिल्या तिचं नाव, पुढे तिचा नंबर लावून. तूर पाखडत होते, एक सूप पाखडायचं आणि एक अंदाज टाकायचा. माझ्या डोक्यात घर म्हटलं की वावरच येत होतं. तिच्याही डोक्यात तेच येईल असं मी धरून चालले होते.

यजमान खाटेवरून बघत होते.

"अवं, तिले इचार ना. भितीच्या पलीकडं तं आहे."

"तुम्हीच विचारा."

"मी काऊन इचारू? माह्या फोनले लागते का वायफाय?" असं म्हणून ते कूस बदलून झोपले.

शनिवारी मी कढीपत्त्याचं निमित्त करून पलीकडे गेले. झाड तिच्या अंगणात आहे. चार काड्या तोडल्या आणि जाता जाता बोलल्यासारखं केलं, "वायफायचा पासवर्ड काय आहे वं, तुला आठवतो का?"

"मले काय मालूम, बाई? माह्या फोनले आपोआपच लागते."

ती धुणं पिळत होती, वर बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, सरकीचं दुकान लपवतात तसं लपवते आहे. उद्या कॉल तिच्या घरी व्हावा, हे तिला हवंच असणार. घरी येऊन मी पुन्हा अंदाज टाकायला लागले. आता रागानं टाकत होते, त्यामुळे टाकलेलेच परत टाकत होते.

रविवारी सकाळी लेकीचा मेसेज आला, चारला कॉल आहे, झालं का? मी पदर खोचला आणि भिंतीपलीकडे गेले.

"तुझा फोन दे."

"घ्या ना. माहे हात ओले आहेत, तथी चार्जिंगले लावेल आहे. उघडाच असते तो."

इतकं सोपं होतं. तिनं कशासाठी ते विचारलंही नाही. फोन हातात घेतला तर समोर कॉलची यादीच उघडी होती. ओळीनं एकच नाव. लेक. काल, परवा, त्याच्या आदल्या दिवशी, कधी दिवसातून दोनदा. मला ती रविवारी फोन करते, आणि एरवी काही काम असलं तर. मला क्षणभर कळलंच नाही की ही लेक कोणाची. जावेला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. मग नंबर बघितला. माझ्या फोनमध्ये तो तिच्या पूर्ण नावानं आहे, आडनावासकट, कारण मी सगळेच नंबर तसे ठेवते.

"सापडलं का, बाई?" न्हाणीतून आवाज आला.

"शोधते आहे."

यादी बंद केली. लेकीनं सांगितलं होतं तसं वायफायच्या नावावर दाबलं, शेअरवर दाबलं. चौकोन आला. माझा फोन त्याच्यासमोर धरला, तो लगेच जोडला गेला. चौकोनाखाली पासवर्ड लिहून आलेला होता. सीतादही, आणि पुढे लेकीचं जन्मवर्ष.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी सीतादही करतात. वावरात पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तो दहीभात पिकावर उधळायचा, कापूस तसाच पांढरा फुटावा म्हणून. सगळ्या हंगामात तो एकच दिवस असा असायचा की घरच्या सगळ्या बाया वावरात यायच्या. अळीनंतर आम्ही कापूस कमी केला, सोयाबीन वाढवलं, आणि सीतादही राहून गेलं. मला त्याचा विचारही शिवला नव्हता.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी वावरच निघालं ना. तेवढ्यात जाऊ हात पुसत आली, तिनं स्क्रीनकडे बघितलं.

"अय बाई, सीतादही टाकलं व्हय पोट्टीनं! त्या दिवशी मी येत होतो ना वावरात. दहीभात उधळे अन् माह्याच मांडीवर येऊन बसे. सारा पदर खराब करून टाके माहा."

बाकीचे सगळे दिवस मी त्या वावरात होते. पोरीनं उचलला तो काकू आलेला दिवस.

"चारला ये," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे कॉल."

चार वाजता आम्ही आमच्या बाजूला बसलो. यजमानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दीर बाहेरगावी होते. जाऊ आली ती हिरवं लुगडं नेसून, माझ्यापेक्षा चांगलं. फोन मी धरला होता. पलीकडे मुलगा, त्याचे आईवडील आणि कडेला आमची लेक.

"काकू कुठंय?" हे तिचं पहिलं बोलणं. "आई, फोन जरा तिकडं कर ना."

मी केला. जरा. काकूचा एक डोळा आणि अर्धा पदर दिसेल एवढा.

मुलाची आई बोलायला मोकळी होती. "तुमची मुलगी आमच्याकडे काहीच मागत नाही हो, लाजते. सांगा तरी, तिला जेवायला काय आवडतं?"

"भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा," मी म्हटलं. "ठेचा असला की बाकी काही लागत नाही तिला."

"आता नाही खात, बाई," जाऊ बाजूनं म्हणाली. "सोडला तिनं. पित्त होते तिले, डॉक्टरनं बंद केला."

सगळे हसले. लेकही हसली. मला डॉक्टरही माहीत नव्हता आणि पित्तही. मीही हसले, कारण कॅमेरा माझ्याकडे होता.

पुढे तारखेचं निघालं. लेक म्हणाली, "ते सगळं आईशी बोला. आई व्यवहाराला पक्की आहे. काकूशी बोलाल तर ती रडत बसेल." यजमानांनी मान डोलावली, मुलाच्या वडिलांनी डोलावली. मीही डोलावली. कॉल संपला. जाऊ डोळे टिपत उठली, "चांगले लोकं आहेत, बाई," म्हणाली आणि तिच्या घरी गेली. यजमान चौकात निघून गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे फोन वाजला.

आमची भिंत एका विटेची आहे. "सांग, कसा वाटला?" हे लेकीचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं, कारण जाऊ फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते. "माय वं, राजबिंडा आहे!" असं ती म्हणाली. मग दोघी हसायला लागल्या. मी डब्याजवळच बसले होते. त्याचे हिरवे दिवे चमकत होते. हात लांब केला आणि बटण बंद केलं.

"हॅलो? हॅलो! आयकू येऊन राह्यलं का? हॅलो?"

मी उठून परातीत पीठ काढलं. परात ठेवते न ठेवते तोच माझा फोन वाजला. साधा कॉल.

"आई, काकूचा कॉल कट झाला मधेच. लाइट गेली का?"

"लाइट आहे."

"मग काय झालं?"

"वायफाय बंद आहे. माझ्याशी बोल."

तिच्यामागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. कळलं असेल तिला, माझीच आहे ती.

"बरं," ती म्हणाली. "तुला कसा वाटला?"

"शेती आहे का त्यांना?"

"नाही गं. आजोबांनीच विकली."

"मग बरा आहे."

"एवढंच?"

"त्याची आई बोलत होती तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता, तुझ्याकडे बघत होता. तेही बरं आहे. आणि पित्ताचं काय? कधीपासून आहे?"

"आई, तुला सांगितलं तर तू म्हणतेस, चहा सोड."

"चहा सोड."

ती हसली. मग तिनं सगळं सांगितलं. पित्ताचं, मुलाचं, त्याच्या आईचं. बराच वेळ बोललो. एका काडीच्या रेंजवर आवाज तुटत होता, तरी मी मधे काही बोलले नाही. शेवटी ती म्हणाली, "आई, काकू वाट बघत असेल. वायफाय सुरू कर ना."

"करते," म्हटलं.

लगेच केला नाही. आधी भाकरी टाकून घेतल्या.